दुसरं ताट

बालाजीदादाचा फोन आला तेव्हा मी औशाच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. "दत्ता गेला रे. झोपेतच... तिकडंच," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. धाकट्या भावाची बातमी त्यानं आधी मला दिली. गाडी आली, मी खिडकीची जागा धरली, लातूरला उतरून शाळेचे कागदही जमा करून आलो. पाच आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही. बायको म्हणते, मन दगड झालंय. असेल.

दत्ता आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. लंडनला निघाला तेव्हा पेढे मीच वाटले. 'आमचा दत्ता लंडनला असतो' हे वाक्य त्याच्यापेक्षा मीच जास्त वेळा बोललो असेन. त्याच्या खोलीच्या खिडकीतून एक भिंत आणि कचऱ्याचे डबे दिसायचे. काम हॉटेलात, कांदे चिरायचं आणि भांडी घासायचं. नदी, राजवाडा, घड्याळाचा मनोरा हे सगळं तिथून रेल्वेनं दीड तास लांब. "आपला औशाचा किल्ला बरा गड्या," तो म्हणायचा, "निदान चालत तरी जाता येतंय." मी हसण्यावारी न्यायचो.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस असते. सगळं गाव रानात जेवतं आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून डाळी-भाज्यांची भज्जी आणि ज्वारी-ताकाची आंबील खायला बसवतं. मागच्या येळवसेला दत्तानं सुट्टी काढली, खोलीत भज्जी शिजवली, आंबील बाटलीत भरली आणि जवळच्या बागेत चादर अंथरून दोन ताटं वाढली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानं बोलावत राहिला. लोक मान वळवून निघून गेले. एका बाईनं तर भज्जीचा भाव विचारला. त्यानं ताटांचा फोटो मला पाठवला, मग फोन केला.

"कुणीच बसलं न्हाई रे. लई थकलोय. परत येऊ का?"

मी म्हणालो, "इथं येऊन काय करणार? लोकं हसतील. अजून दोन वर्षं काढ की." आणि वर हेही म्हणालो, की त्या मनोऱ्यापुढं एक फोटो काढून पाठव, गावात दाखवायला बरा.

तो "बरं" म्हणाला. पुढच्या सुट्टीला एवढ्या लांब जाऊन त्यानं तो फोटो काढला.

तोच फोटो परवापर्यंत चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर होता. पोरांनी मागितला, मीच दिला. लोक थांबून बघायचे, "काय रुबाब हाय," म्हणायचे. मी मान डोलवायचो.

यंदाची येळवस गेल्या आठवड्यात झाली. बालाजीदादाच्या रानात मी दत्ताच्या नावानं एक ताट जास्तीचं वाढलं. रस्त्यानं एक माणूस पेट्रोल संपलेली मोटारसायकल ढकलत चालला होता. दादानं बांधावरून हाक मारली, "या पाव्हणं, जेवून जावा." तो आला, हात धुऊन त्या ताटावर बसला, दोनदा आंबील मागून घेतली आणि नावही न सांगता गेला. मी त्याचं उष्टं ताट उचललं आणि तसाच उभा राहिलो.

इतकंच म्हणायचं होतं, ये. वाटेवरच्या कुणालाही म्हणतो आम्ही. दत्तानं तर विचारलं होतं... बागेतला तो फोटो मी अजून कुणाला दाखवलेला नाही. त्यात दुसरं ताट वाढलेलं आहे, तसंच आहे.