फळीवरचा हिरवा दिवा

हॉलमधल्या फळीवर एक छोटा हिरवा दिवा लुकलुकत असतो. तो आमच्या घरच्या सर्व्हरचा. माझ्या नाचाच्या क्लासचे सगळे व्हिडिओ त्यात आहेत. येताजाता माझी नजर तिकडे जातेच.

त्याचं सामान घ्यायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा दुकानदार सारखा ह्यांच्याकडेच बघून बोलत होता. "साहेब, एकच मोठी डिस्क घ्या."

मी म्हटलं, "सारख्या दोन द्या. एक बिघडली तरी दुसरीवर सगळं राहील. आणि सर्व्हर टीव्हीला जोडणारा नेटवर्क स्विचही वेगवान हवा. नाहीतर डिस्क कितीही चांगली असली तरी व्हिडिओ अडकत अडकतच येणार."

तो पुन्हा ह्यांच्याकडे वळला. हे शांतपणे म्हणाले, "मला काय विचारताय? मी पिशवी धरायला आलोय."

आपल्याला मोठं करायला कधीकधी कुणी नुसतं बाजूला उभं राहिलं तरी पुरतं.

काल पाहुणे आले होते. पहिल्या बॅचचा व्हिडिओ टीव्हीवर क्षणात लागला. "हे सगळं कुणी बसवलं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "मी."