गोगलबाईचा पासंग

आमच्या कट्ट्याच्या किश्श्यांचं माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखं आहे. कुणी टाकत नाही, आणि दर दिवाळीला दोन वाढतात. मागे योग्याच्या मुलीच्या बारशाला सगळे भेटलो. बायकांचा पाळणा म्हणून व्हायच्या आत कुणीतरी म्हणालं, "गोगलबाई आठवते का रे?" झालं! बाळाचं नाव काय ठेवलं, हे मला घरी येऊन बायकोला विचारावं लागलं.

*

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. पंचवटीत आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात पोंग्यांच्या पाकिटात एक राक्षसाचं कार्ड निघायचं. वर चित्र, खाली ताकदीचा आकडा आणि दोन ओळी इंग्रजी. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर आमचे डाव चालायचे. दोघांनी एकेक कार्ड टाकायचं, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड खायचं.

योग्याकडे चकचकीत ड्रॅगन होता, ताकद तीन हजार. पप्प्याकडे दोन तोंडांचा लांडगा, अठराशे. मंग्याला मात्र प्रत्येक पाकिटात गोगलगायच निघायची. ताकद पाच. पाचशे नव्हे, पाच! पप्प्याचं मत होतं की कारखान्यात शून्यं संपली असणार.

पण गंमत अशी की मंग्या कधी बादच व्हायचा नाही. कारण जिंकणारा गोगलगाय घ्यायलाच तयार नसायचा. "राहू दे भो, तुझ्याकडेच ठेव!" वर आम्हाला निघालेल्या गोगलगायीही आम्ही त्याच्याच खिशात कोंबायचो. एकेक करत सगळे बाद व्हायचे, आणि हा आपला रबरबँड लावलेला गठ्ठा घेऊन मांडी घालून बसलेला.

"लाज नाही वाटत का रे हरताना?" मी एकदा विचारलं.

"मी कुठे हरतोय? तुम्ही घेतच नाही!"

*

एकदा विज्ञानाच्या तासाला सरांनी बाकाखालचा डाव पकडला. ड्रॅगन, लांडगा, माझा तीन डोळ्यांचा बैल, सगळे टेबलावर गोळा झाले. मंग्याची पाळी आली. सरांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "हे काय आहे?"

मंग्या उभा राहिला. "मृदुकाय, सर. मणका नसलेला प्राणी."

सरांनी कार्ड परत दिलं. आणि वर्गाला म्हणाले, "बघा, शिका जरा!" आमचे राक्षस आठवडाभर स्टाफरूमच्या कपाटात कोंडलेले होते आणि गोगलगाय मंग्याच्या कंपासपेटीत मजेत होती.

*

खालच्या दोन इंग्रजी ओळी वाचायची बुद्धी आम्हाला फार उशिरा झाली. सगळे मराठी शाळेतले. पप्प्याचा मामा मुंबईला होता, म्हणून इंग्रजी खातं पप्प्याकडे. त्याने गोगलगाय हातात घेऊन मोठ्याने वाचलं, "डिस कार्ड दिस कार्ड. एनिमी कॅनॉट अटॅक."

"दोनदा का लिहिलंय?" योग्याने विचारलं.

"जोर द्यायला रे! आपण नाही का म्हणत, हेच ते, हेच!"

त्यावर सर्वानुमते नियम ठरला. गोगलगाईच्या डोक्यावर दोनदा टिचकी मारायची, "हेच पान, हेच पान!" म्हणायचं, की समोरच्याला त्या खेपेला हल्ला करता येणार नाही. त्या दिवसापासून तिची गोगलबाई झाली. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, ते आम्हाला तेव्हा कळलं.

पण मंग्या प्रत्येक खेपेला टिचकी मारायला लागला. डाव संपेचनात! शेवटी आणखी एक नियम करावा लागला की ओट्यावरून जो आधी उठेल तो हरला. पहिल्याच दिवशी पप्प्या मंग्यासमोर बसला. दुपारी त्याने भरपूर आमरस हाणला होता. बराच वेळ टिकला बिचारा. मग एकदम पोट धरून घराकडे पळाला.

मंग्याने लांडगा उचलला आणि म्हणाला, "माझ्या गोगलबाईने आतून हल्ला केला!"

*

मंग्याच्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांचा मखमलाबादला झेंडूचा मळा, आणि पंचवटीत देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर फुलांचा ठेला.

एकदा योग्या मस्तीत येऊन म्हणाला, "मंग्या, तुझी ती गोगलबाई माझ्या ड्रॅगनच्या पासंगालाही पुरणार नाही!"

मंग्या शांतपणे म्हणाला, "पासंगालाच आहे ती."

आम्ही ठेल्यावर जाऊन पाहिलं. नानांच्या तराजूचं एक पारडं जरा वर राहायचं. ते बरोबर करायला नानांनी त्याखाली दोऱ्याने गोगलबाई बांधली होती! देवाला जाणारी सगळी फुलं तिच्या साक्षीने तोलली जात होती. योग्या त्यानंतर पासंग हा शब्द विसरला.

*

आता खरा किस्सा.

योग्याचा ड्रॅगन साधा नव्हता. त्याच्या ताईने लग्नाआधी स्वतः पोंगे खाऊन खाऊन तो मिळवला होता, आणि सासरी जाताना योग्याच्या हातात देऊन म्हणाली होती, "हा सांभाळ. आखाजीच्या सणाला माहेरी आले की आधी हाच बघणार." योग्या तेव्हा हसला होता. मग रात्रभर रडला होता, हे त्याच्या आईने आम्हाला सांगितलं.

मे महिन्यात त्याचा आत्तेभाऊ आदित्य इंदिरानगरहून राहायला आला. इंग्रजी शाळेतला. त्याच्याकडे साडेतीन हजारांचा वाघ होता. योग्याने तोऱ्यात ड्रॅगन टाकला, आणि वाघाने खाल्ला! ताई दोन दिवसांवर आलेली. योग्या जेवेना. आदित्य परत द्यायला तयार नव्हता. "जिंकलोय मी, यार!"

तो जायच्या दिवशी मंग्या ओट्यावर येऊन बसला. "माझ्याशी खेळ. तू हरलास तर ड्रॅगन द्यायचा. मी हरलो तर लांडगा, बैल, सगळे तुझे."

लांडगा त्याने जिंकलेला, पण बैल माझा होता! तरी योग्याचं तोंड बघून मी तो काढून ओट्यावर ठेवला. मंग्याने गोगलबाई काढून टिचकी मारली. "हेच पान, हेच पान!"

आदित्य पोट धरून हसला. "अरे, डिस्कार्ड म्हणजे टाकून द्यायचं! एकदा वापरलं की ते कार्ड संपलं!"

सगळ्यांनी पप्प्याकडे पाहिलं. पप्प्या म्हणाला, "मुंबईत असंच म्हणतात."

"बरं, टाकून देऊ," मंग्या म्हणाला. "पण जो आधी उठेल तो हरला, हा आमचा नियम. चालेल?"

"चालेल."

मंग्याने खिशातून गठ्ठा काढला आणि रबरबँड सोडला. गल्लीने दान केलेल्या सगळ्या गोगलगायी! आदित्य वाघ उगारायचा, मंग्या एक गोगलबाई टाकून द्यायचा. पुन्हा वाघ, पुन्हा गोगलबाई. ऊन उतरलं. गठ्ठा बारीक होत गेला, आणि शेवटचं कार्ड राहिलं तेव्हा मंग्या माझ्या कानात म्हणाला, "नानांकडे पळ."

मी धावत ठेल्यावर गेलो. नाना गिऱ्हाइकाला फुलं तोलत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. नानांनी तराजूखालचा दोरा सोडला, ओली गोगलबाई माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "योग्याचं काम हाय ना? मग ने. पण लवकर आण!"

मी आलो तेव्हा मंग्याचे हात रिकामे होते आणि आदित्य वाघ उचलतच होता. मंग्याने ओली गोगलबाई थेट पणाला ठेवलेल्या ड्रॅगनवर आपटली. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा हॉर्न वाजला. आदित्यचे पप्पा!

"आदी, चल!"

"पप्पा, एक मिनिट!"

"एक नाही, अर्धं नाही!" पप्पांनी येऊन त्याचा दंड धरला आणि त्याला उठवलं.

"पप्पा, चीटिंग आहे! त्याच्याकडे नुसत्या गोगलगायी आहेत!"

पप्पांनी ओट्यावरचा ढीग पाहिला. "मग तू हरलास कसा?"

स्कूटर गेली. मंग्याने ड्रॅगन योग्याच्या हातात दिला. योग्या मंग्याच्या गळ्यातच पडला. मंग्या त्याला ढकलत म्हणाला, "सोड भो, आधी पासंग नेऊन देऊ दे. तिकडे आमचा बाप फुकट फुलं वाटतोय!"

आखाजीला ताई आली. चप्पल काढायच्या आधी तिने हात पुढे केला. योग्याने ड्रॅगन ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "सांभाळलास रे! पण ही झेंडूची पाकळी कसली चिकटलीये?"

योग्या म्हणाला, "पुसू नको. गोगलबाईचा प्रसाद आहे."