दहापैकी दहा

आमचा मतीन ऑटोमोबाईल इंजिनिअर झाला, तवा आष्ट्यातल्या आमच्या गॅरेजवर सगळ्यांना वाटलं, आता हा नवी इंजिनं काढणार. कसली इंजिनं न् कसलं काय. आता तो सांगलीच्या एका शोरूमला हाय. गाडी सर्व्हिसिंगला आली की तिच्याभवती फिरून चरे बघायचे, मालकाला चहा पाजायचा, गोड बोलायचं. बॉनेट उघडणारा वेगळाच.

मी फारूक, त्याचा थोरला भाऊ. मला शिक म्हणून कुणी म्हणलं न्हाई, मी गॅरेजात अब्बांच्या हाताखालीच राह्यलो. राग हाय का? हाय की. पण त्याचं दमलेलं तोंड बघितलं की तो राग काढायला जीव हुत न्हाई. आधी पुण्याच्या कारखान्यात ट्रेनी हुता, कायम करायची वेळ आली तसा घरी धाडला. साताऱ्याच्या एमआयडीसीत परत तीच गत. मग शोरूम.

यंदा त्याला मॅनेजर करायचं चाललं हुतं. त्यात एक मेख हुती, गिऱ्हाइकं ज्याला जास्त मार्क देतील तोच मॅनेजर. गाडी घरी गेली की कंपनीची बाई गिऱ्हाइकाला फोन करती, दहापैकी किती मार्क देता? नऊ-दहा आले तर आले, त्याखाली सगळं वाया. आन् आपली माणसं सात दिले तरी लय दिले म्हणणारी. म्हणून मतीन एकेकाच्या मागं लागायचा, "काका, दहाच सांगा बरं का." विट्याचा एक सोनं-चांदी गाळणारा गलाईवाला त्याला म्हणला, "दहा दिलं की तू काम करायचं सोडशील गड्या." त्यावर मतीन नुसता हसला. इंजिनिअर होऊन मार्कांची भीक मागायची म्हंजे काय, माझंच डोकं फिरायचं.

मार्क मोजायच्या शेवटच्या आठवड्यात आमची घरची नवी गाडी वॉरंटीपायी मतीनच्याच शोरूमला सर्व्हिसिंगला गेली. ती अब्बांच्या नावावर. मतीननं जगाला सांगितलं, पण बापाला दहा द्या म्हणायला त्याची जीभ रेटंना. मीबी म्हणलं, बाप हाय, देतीलच.

मॅनेजर झाला शंभूराज नावाचा दुसरा. मतीन जरासाच कमी पडला. संध्याकाळी जेवताना त्यानं सांगितलं, "न्हाई झालं, अब्बा. मार्क कमी पडले."

अब्बांचा घास हातातच राह्यला. "मी तर दिले की. फोन आला हुता. आपल्याच पोराचं आपणच किती वर चढवायचं, नजर लागती. तरी आठ दिले म्या."

माझं टाळकंच सणकलं. त्या आठानंच घात केला, हे सांगायला मी तोंड उघडलं, तवर मतीननं माझी मांडी दाबली. अब्बांचे आठ त्याला शोरूममधीच कळले हुते.

आमच्या अब्बांनी जन्मात कुणाच्या कामाला बरं म्हणलं न्हाई. मी अख्खं इंजिन खोलून परत बसवलं तरी नुसतं "हं" म्हणायचं आन् पुढच्या गाडीकडं जायचं.

"आठ लय झाले, अब्बा," मतीन म्हणला.

अब्बांना वाटलं, पोरगं खूश झालं. मला वाटतं, झालंबी हुतं. सकाळी परत त्याच जागेवर, शंभूराजच्या हाताखाली जायचं हुतं, तरीबी.