झोपेची खोटी हजेरी

थोंगयंगच्या खाडीवर ओक बुन-ईने एकतीस वर्षं कालवं फोडली. पहाटे चारला शेडमध्ये सुरी घेऊन उभं राहायचं. मनगट गेलं, काम सुटलं, तेव्हा सगळे म्हणाले, आता पोटभर झोप. पण झोप त्याच दिवसापासून रुसली. गोळ्यांनी दिवसभर डोकं जड व्हायचं, म्हणून शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सहा आठवड्यांसाठी झोपेची शिस्त लावणाऱ्या फोनमधल्या ॲपचा उपचार लिहून दिला. बुसानहून आलेल्या मुलाने, थेग्यूने, तो सुरू करून दिला आणि मुलगा परत गेला.

उपचार कसला, सासुरवासच. रात्री एकच्या आत पाठ टेकायची नाही, सहाला उठायचंच, दुपारी डुलकी नाही, म्हणजे म्हणे झोप साठून सलग लागेल. जेवणानंतर गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत खालून तापवलेल्या जमिनीवर बाया आडव्या व्हायच्या. बुन-ई लसूण सोलायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची, दारापर्यंत जाऊन यायची.

“वहिनी, बस की जरा,” नणंद दॉकजा करवादली. “तुझ्या येरझाऱ्यांनी आमची झोप उडाली.”

रोज सकाळी फोन विचारायचा, किती तास झोपलात? चार दिवस तिने खरं सांगितलं, दोन, कधी तीन. पाचव्या दिवशी तिने पाच दाबलं. फोनने शाबासकी दिली. मग ती रोजच पाच दाबू लागली. फोन खूश होऊन दर आठवड्याला पाव तास आधी झोपायची मुभा देई, आणि तेवढीच तिची अंथरुणातली तळमळ वाढे.

चौथ्या आठवड्यात आलेख बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान सुधारणा आहे. बुन-ई मांडीवरची पिशवी चुरगळत राहिली.

“ते खोटं आहे,” ती म्हणाली. “रोज सकाळी तो विचारतो. रोज झोप नाही म्हणायची लाज वाटते हो. दुसरं विचारायला घरात आहे कोण?”

बाई रागावल्या नाहीत. “पहिल्यापासून सुरू करू,” त्या म्हणाल्या. “दोन तर दोन. पण खरं.”

दुसरी खेप पहिलीहून कठीण गेली. रात्री बारा वाजता डोळे मिटू लागले की ती उभ्याउभ्या किमचीच्या लोणच्याचे डबे पुसायची. दुपारी बैठकीत बसवेना, तेव्हा बंधाऱ्यावर चालायला जायची. कुरकुरत दॉकजाही बरोबर येऊ लागली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बुन-ईने पाच दाबलं, आणि ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. तेही तिने दाबलं.

मुदत संपली तेव्हा आठवड्यातल्या चार रात्री तिला झोप लागत होती. उरलेल्या रात्री ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसते, डोळे जड झाले की आत जाते. थेग्यूने फोन करून विचारलं, तेव्हा ती एरवीसारखं बरं आहे म्हणाली नाही.

“कालची रात्र वाईट गेली रे,” तिने सांगितलं.