भजनाचं कव्हर आणि न निघालेला प्लग

अमरावतीत आमचा चार जणांचा रॉक बँड होता. चौघंही तिशी ओलांडलेले, आणि प्रत्येकाच्या घरी 'हे खूळ कधी जाईल' असं विचारणारं एक तरी माणूस. मी वकिलाच्या घरातला, स्वतःही वकील, गिटार वाजवायचो. ड्रमवर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं फुलांचं दुकान. सकाळी हार ओवायचा, संध्याकाळी ड्रम बडवायचा.

बारा वर्षांपूर्वी आम्ही पहिलं सिंगल, म्हणजे एकच गाणं, काढायचं ठरवलं. आमची स्वतःची गाणी घरचेही ऐकेनात, म्हणून दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर करायचं. मित्राचे बाबा मोझरीकडच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. त्यांनी रचलेलं एक भजन होतं, तेच घेतलं. खंजिरीभजन हळू सुरू होतं आणि चढत चढत शेवटी अक्षरशः पळतं. मित्रानं ड्रमवर तसंच वाजवलं. उत्तम वाजवलं. हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

कारण मी नुकताच लॅपटॉप घेतला होता, आणि त्यात ठेके तयार करायचं सॉफ्टवेअर होतं. मला वाटू लागलं होतं, रॉक आता म्हाताऱ्यांचं, आपण इलेक्ट्रॉनिक व्हायचं. आपण म्हणजे मी. पण मशीनचा ठेका विहिरीवरच्या मोटारपंपासारखा एकाच गतीनं चालतो. मित्राचे ड्रम त्याला दर कडव्यात मागे टाकायचे. दोन्ही एकत्र बसेनात. मी रेकॉर्डिंगमधून ड्रम काढून टाकले.

हे त्याला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून सांगितलं की रेकॉर्डिंग चालू असताना तुझ्या पायानं माइकचा प्लग निघाला, तुझे ड्रम रेकॉर्डच झाले नाहीत, आणि पुन्हा रेकॉर्ड करायला पैसे नाहीत. त्यानं शंका घेतली नाही. उलट माझीच माफी मागितली. मग घरी जाऊन बाबांची. आपल्या भजनात आपला मुलगाच नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

सिंगल बरं चाललं. अकोल्यात एका कॉलेजच्या कार्यक्रमात पोरं नाचली. मी लॅपटॉपमागे शास्त्रज्ञासारखा उभा, आणि मित्र स्टेजवर टाळ्या वाजवत होता, कारण त्याला दुसरं कामच उरलं नव्हतं. परतल्यावर त्यानं ड्रम परतवाड्याच्या एका बँडवाल्याला देऊन टाकले.

मागच्या महिन्यात मी त्याच्या दुकानात उभा असताना एका गिऱ्हाइकानं विचारलं, तुम्ही ड्रम वाजवायचे ना? तो म्हणाला, वाजवायचो, पण माझीच लाथ आडवी आली. गिऱ्हाईक हसलं, तोही हसला. मला ते हसू झेपलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

त्यानं हार ओवणं थांबवलं नाही.

"मले काहून सांगून राहिला? बाबाले सांग."

बाबा मागे खुर्चीत बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी जवळ जाऊन पुटपुटलो.

"तसं नाही ऐकू येत त्यायले," मित्र म्हणाला. "कोर्टात कसा वरडतं, तसा वरड."

मग मी ओरडलो. प्लग निघालाच नव्हता, ड्रम मी काढले, खोटं मी बोललो. हार घ्यायला आलेल्या दोन बायका आणि शेजारचा लिंबूवाला मन लावून ऐकत होते.

बाबांनी मुलाकडे पाहिलं. "म्हंजे मी याले उगाच शिव्या देल्या?"

मी हो म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला, नीट बसले आणि त्या सगळ्या शिव्या मला दिल्या. मधेच एक आठवेना, तेव्हा मित्रानं झेंडू ओवता ओवता ती सांगितली.