आंघोळीला बसलेल्या बंड्या

बयनाबाईला बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक उचलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा ही ऐकीव गोष्ट आहे असं कुणी म्हणू नये. तिचं डोकं तोवर पांढरं झालं होतं, कंबर वाकली होती. पण घोड्याच्या दांडीवर ती झोपाळ्यावर बसावं तशी बसली आणि भरली बंडी कण्हत वर आली.

घोडा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आता रबरी टायरच्या बंड्या आल्यात आणि नव्या पोरांना चाकाला वंगण लागतं हेच माहीत नाही. धावड्याच्या लाकडाचे दोन उभे दांडे, त्यांच्यातून आरपार लोखंडी खिळा, आणि त्या खिळ्यावर खालीवर होणारी एक लांब दांडी. दांडीचं आखूड टोक बंडीच्या चाकं जोडणाऱ्या आखाखाली सरकवायचं, लांब टोक दाबायचं. चाक जमिनीपासून सुटलं की दांडी साखळीनं अडकवायची, आखाच्या टोकाची लोखंडी कुणी, म्हणजे चाक अडवणारी खीळ, उपसायची, चाक बाहेर ओढायचं आणि उघड्या आखाला वंगण चोपडायचं. एरंडीचं तेल आणि चिंध्यांची राख, झालं वंगण. घोडा नसेल तर एवढ्याशा कामाला माणसांच्या पाठी लागतात. आखाखाली वाकायचं, पाठीवर बंडी तोलून धरायची, आणि वंगण लावणारा मध्येच बिडी पेटवायला लागला तर त्याच्या सात पिढ्या काढायच्या.

आदिलाबाद जिल्ह्यात वांकिडीच्या अलीकडं आमचं चिंचघाट. तिथं हा घोडा पहिल्यांदा केला माणिकरावनं, बयनाबाईच्या नवऱ्यानं. काऊन केला? तर निजामाच्या राजवटीत वेठ होती. कचेरीचा शिपाई आला की बंडी जुंपायची आणि साहेबाचं बिऱ्हाड, साहेबाचं सरपण, साहेबाच्या बकऱ्या वाहायच्या. दाम नाही, भाकर नाही. अशाच एका वेठीत रस्त्यात चाक उचलताना माणिकरावची पाठ गेली. पुन्हा ती सरळ झालीच नाही. खाटेवर बसूनच त्यानं लाकूड तासलं आणि बायकोला म्हणाला, "आता तुले कोनाची पाठ मांगाचं काम नाई."

आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडं चाक काढलेल्या बंडीला म्हणतात, बंडी न्हाऊन राह्यली. आणि न्हात्या बंडीला कुणी हाक मारत नाही. आख उघडा असताना बंडी मागितली आणि पुढं ती मोडली, तर पाप मागणाऱ्याला. हे वेठीचे शिपाईसुद्धा मानत. कारण तेही इथल्याच मातीतले होते. बयनाबाईनं हे बरोबर हेरलं. वाटेवर शिपायाची धूळ दिसली की ती दांडीवर बसायची, आणि शिपाई दारात येईतो चाक भिंतीला टेकलेलं असायचं.

"बयनाबाई, तुही बंडी आठवड्यातून कितीक डाव न्हाते व?"

"तू न्हातो त्याच्याऊन जास्त न्हाते. चाल निंग."

माणिकराव गेला. मग भारताची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, वेठ गेली. गावात मराठी शाळा आली. शाळेचे सागवानी वासे बयनाबाईच्या बंडीतून आले, कुणी न सांगता. तिची लेक कुसुम त्या शाळेत बसली. त्या घराण्यात अक्षर ओळखणारं पहिलं माणूस म्हणजे ही कुसुम. संध्याकाळी ती धडा वाचायची आणि बयनाबाई चुलीपुढं हात थांबवून ऐकायची. भाकर करपायची. करपू दे.

नंतर छप्पन साल उजाडलं आणि कुणीतरी नकाशावर रेघ ओढली. राजुरा तिकडं मराठी मुलखात गेलं, किनवट तिकडं गेलं, आम्ही इकडं तेलुगू राज्यात राहिलो. आमचे सोयरे तिकडं, आमच्या लेकी तिकडं, कापसाचा बाजार तिकडं. आम्हाला विचारलं का? माझं डोकं आजही गरम होतं, पण आज बयनाबाईची गोष्ट सांगायची आहे.

कापूस वेचणी ऐन भरात असताना कचेरीचा शिपाई उत्तमराव सांगावा घेऊन आला. उद्या सकाळी चार बंड्या तयार ठेवा, शाळेचं सामान उचलायचं आहे. फळा, बाक, कपाट, सगळं. शाळा बंद. वर कुणीतरी सांगितलं होतं की मराठी घरं रेघेपलीकडं निघून गेली, शाळेत पोरं उरली नाहीत.

"पोरं उरली नाईत?" बयनाबाई ओसरीवर उभी राहून म्हणाली. "मंग हे काय माकडं व्हय?"

अंगणात पाच-सात जण चिंचा खात उभे होते.

शाळेचे चिंतामणी मास्तर आदिलाबादेत वाढलेले, हळू बोलणारे. ते म्हणाले, "बाई, मी सांगून पाहिलं. ऐकत नाहीत."

"तुमी सांगतलं मास्तर, तुमी ओरडले नाई."

"बंड्या द्याच लागतीन," भगवंतराव म्हणाला. गावात सगळ्यांत मोठी बंडी त्याची, आणि सगळ्यांत मोठी भीतीही. "सरकारी काम आहे."

"सरकार नवं आन् वेठ जुनीच? द्या ना मंग. पन न्हाती बंडी कशी देसान?"

भगवंतराव आधी समजला नाही. समजल्यावर त्याच्या मिशा हलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरदावर, म्हणजे महसूल खात्याचे साहेब, आले तेव्हा आमच्या गावचा रस्ता पाहण्यासारखा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत बंड्या, आणि प्रत्येकीचं एक चाक उतरवलेलं. घोडा गावात एकच, बयनाबाईचा. बाकीच्यांनी आखाखाली उखळं लावली, दगडी पाटे लावले, कुणी आंब्याचा बेचका लावला. आख पुसून पुसून लख्ख केलेले. वंगण मात्र कुणी लावलं नव्हतं. बयनाबाईनं बजावलं होतं, "वंगन लावलं का काम सरलं. नुसतं पुसत राहा."

भगवंतरावला तेवढ्यानं चैन पडेना. साहेबानं दम दिला तर लोक चाकं परत चढवतील, म्हणून त्यानं सगळ्या बंड्यांच्या कुण्या गोळा केल्या, एका टोपलीत टाकल्या आणि टोपली ज्वारीत लपवली. बयनाबाईनं आपली दिली नाही. "माही कुनी माह्या कमरेले राहीन."

गिरदावर होते राजलिंगम नावाचे, जगत्यालकडचे. तरणा माणूस. अंगात पांढरा फेक सदरा. येताना बाभळीच्या काट्यानं सायकल बसली होती, ती हातानं ढकलत आले. मराठी त्यांना येत नव्हती, तेलुगू आमच्या बायकांना येत नव्हती. मग सगळं हिंदीत.

"बंडी किधर है?"

"ये क्या, इतनी सारी है," बयनाबाई म्हणाली. "सब न्हाती है."

साहेबांनी उत्तमरावकडं पाहिलं. उत्तमराव चिंचघाटचा जावई. तो आभाळाकडं पाहायला लागला.

"वंगन चल रहा साब," शेवटी तो म्हणाला. "चाक निकला तो बंडी नहीं माँगते. पाप लगता."

"कब तक चलेगा?"

"अभी एरंडी भुनी नहीं," बयनाबाईनं सांगितलं. "एरंडी भुनेगी, तेल निकलेगा, चिंधी जलेगी."

राजलिंगम साहेब लिंबाखाली बसले. रागावले नाहीत. पाणी मागितलं, कुसुमनं तांब्या दिला. आणि मग, शाळा बंद म्हणून मोकळी सुटलेली पोरं सायकलीभोवती जमली. एक घंटी वाजवतंय, एक चाक फिरवतंय, दोन मारामारी करतायत. साहेब बघत राहिले.

"ये किसके बच्चे हैं?"

"इस्कूल के," बयनाबाई म्हणाली.

"सब?"

"और भी है. आधे तो झाड पर है."

साहेबांनी वर पाहिलं. लिंबावरून पाय लोंबत होते.

"मेरेकू तो बोले, कोई नहीं बचा." ते उठले. "सुनो अम्मा. स्कूल के बड़े साब आज वांकिडी के बंगले में हैं. दोपहर को जीप निकल जाती. मैं बोला तो नहीं मानते. आँख से देखे तो मानते. बच्चों को ले के चलो. अब्भी."

आता पाहा गंमत. पहाटेपासून सगळ्या गावानं जीव तोडून बंड्या थांबवल्या होत्या, आणि आता त्याच बंड्या पळायला पाहिजे होत्या.

"कुन्या आना रे!" भगवंतराव ज्वारीत घुसला. टोपली आली, रस्त्यावर उपडी झाली आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं की काय करून ठेवलं. आमच्याकडं लोहार प्रत्येक कुणी ज्याच्या त्याच्या आखाच्या भोकाला घासून बसवतो. याची त्याला लागत नाही. सगळा गाव गुडघ्यावर बसून लोखंड चाचपायला लागला.

"हे माही."

"तुही कशी? हिचं डोकं पाह्य ना, वाकडं आहे."

"तुह्यासारखं."

बयनाबाईनं कमरेची कुणी काढली. चाक आखावर लोटलं, कुणी ठोकली, साखळी सोडली, बंडी खाली आली. घोडा भगवंतरावच्या अंगावर ढकलला. "घे, तुमच्या बंड्या उचला आन् मागून या." मोठी पोरं मास्तरांबरोबर आडवाटेनं पळत सुटली. लहान सगळी बंडीत. एकावर एक, धान्याच्या पोत्यांसारखी. राजलिंगम साहेब धुरेवर बयनाबाईच्या बाजूला बसले, त्यांनाही जायचंच होतं. कासरा हलला आणि बैल उधळले.

कुसुमबाई आज आजी झाल्या आहेत, पण हा रस्ता सांगताना अजून त्या मांडी घालून बसत नाहीत, उभ्या राहतात. नाला आला, पाणी उडालं. कापसाच्या शेतातल्या बायका वेचणी सोडून बांधावर आल्या. पोरं ओरडत होती, बयनाबाई बैलांना शिव्या देत होती आणि साहेबांनी दोन्ही हातांनी बंडीच्या कडेची लाकडी उभारी धरून ठेवली होती.

आणि चाक ओरडायला लागलं.

आधी कुईं झालं. मग कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं झालं. मग धूर. बयनाबाईनं बैल ओढले आणि कपाळावर हात मारला. सकाळपासून ज्या आखाला पुसून पुसून कोरडं केलं, त्याला वंगण लावायचं ती स्वतःच विसरली होती. वंगण लावू नका म्हणून गावाला बजावणारी बाई, आणि घाईत तिचीच बंडी कोरडी निघाली.

वंगणाचा नळा बंडीखाली लटकत होता. त्याची चिंता नव्हती. घोडा मात्र गावात राहिला होता.

माणिकराव गेल्यापासून तिनं कुणाची पाठ मागितली नव्हती. गावातल्या दिरांची नाही, भावाची नाही. तिनं एकदा वांकिडीच्या दिशेनं पाहिलं, एकदा चाकाकडं. मग साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्याकडं.

"साहेब," ती म्हणाली, "पीठ देना पडता."

राजलिंगम साहेबांना कळलं नाही. कुसुमनं बंडीखाली वाकून दाखवलं. त्यांनी एकदा आपल्या सदऱ्याकडं पाहिलं. मग पोरांना खाली उतरवलं, बाह्या सारल्या आणि आखाखाली शिरले. पोरांनी जमेल तिथं हात लावले. काही नुसतेच ओरडण्याच्या कामाला होते. बंडी एका अंगानं वर आली. बयनाबाईनं कुणी उपसली, चाक ओढलं, नळ्यातलं वंगण ओंजळीनं फासलं. आखावर, चाकात, आणि घाईत साहेबांच्या पाठीवरही.

"जल्दी अम्मा, जल्दी," खालून आवाज आला.

"बिडी नाई पेटवून राह्यली मी," बयनाबाई म्हणाली. "होऊन राह्यलं."

चाक बसलं. पोरं चढली. आता बंडी अशी पळाली की चाकाचा आवाजच नाही, नुसत्या घुंगरांचा.

वांकिडीच्या बंगल्यासमोर जीप सुरू झाली होती. बयनाबाईनं बंडी थेट तिच्यापुढं आडवी घातली. मोठे साहेब बाहेर डोकावून काही कडक बोलणार, तेवढ्यात बंडीतून पोरं सांडायला लागली. उतरता उतरता संपेनात. मागून मास्तर आणि पळणारी पोरं आली, धापा टाकत. मास्तरांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी फक्त हात वर केला, शाळेत करायचे तसा, आणि पोरांनी सवयीनं सुरू केलं. बे एके बे, बे दुणे चार. सगळा बंगला त्या आवाजानं भरला. बंगल्याचा खानसामा हातात पळी घेऊन बाहेर आला.

मोठे साहेब पाढा संपेस्तोवर बसून राहिले. मग त्यांची नजर राजलिंगम साहेबांवर गेली.

"ये तुम्हारी पीठ पर क्या है?"

"वंगन, साब. इतने बच्चे बैठे कि पहिया बोल गया. मैं उठाया."

मोठ्या साहेबांनी पोरांकडं पाहिलं, त्या काळ्या पाठीकडं पाहिलं. पाठीला काही कुणी खोटं म्हणू शकत नव्हतं.

"सामान मत उठाना," ते म्हणाले. "स्कूल चालू रखो. मास्टर भी यहीं रहेगा." मग बयनाबाईला म्हणाले, "अब बंडी हटाओ."

"हटाती," ती म्हणाली. "पहले बैल को पानी पिलाती."

आणि पाजलं. जीप थांबली.

गावातल्या बाकीच्या बंड्या त्या दिवशी निघाल्याच नाहीत. बयनाबाई परतली तेव्हाही लोक रस्त्यावर कुण्या लावून पाहत होते आणि भगवंतरावशी कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी टोपली शाळेच्या ओसरीवर घेतली. पोरं एकेक कुणी घेऊन बंडीबंडीकडं पळत, बसली की ओरडत परत. राजलिंगम साहेबांचा सदरा बयनाबाईनं राखेनं धुऊन पाहिला. डाग निघाला नाही. साहेब म्हणाले, राहू दे.

शेवटी एक कुणी उरली. ती कुणाच्याच आखात बसेना. भगवंतराव शपथेवर सांगे की त्याची नाही, आणि त्याच्या बंडीला मात्र पुढं किती दिवस लाकडाची कुणी होती. मास्तरांनी ती ठेवून घेतली. शाळेच्या दारात घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, आजवर दगडानं वाजवायचे.

सकाळी कुसुमनं त्या कुणीनं पहिला ठोका दिला. आवाज नाल्यापलीकडं गेला.