चहा न घेणारा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा एक तरुण प्रचारक सोबतच्या प्रचारकाबरोबर आमच्या भोर गावात दारोदार फिरायचा. कडक टाय लावलेला, आणि वाटेतल्या म्हशीलाही नमस्कार घालेल इतका नम्र. पंथात मनाई म्हणून चहा घ्यायचा नाही. “आजोबा, पाणी द्या, लई गोड असतं तुमचं,” म्हणायचा. ‘लई’ बाजारात शिकलेला.

कारण ठाऊक असूनही मी आळीत थट्टेनं म्हणालो, “आपल्या हातचा चहा चालत न्हाई त्याला.” लोकांना ते झोंबलं. दारं बंद झाली. तरी महिनाभर तो हसत कड्या वाजवत राहिला.

बदली झाल्यावर निरोपाला आला. “आजोबा, माझं काय चुकलं?”

चूक माझी होती. मी म्हणालो, “काय न्हाई. निघ, एसटी चुकंल.”